पुढच्या सीटवरचा माणूस

फोन आला तेव्हा सुभेदार रघुनाथ चाळके कारखान्याच्या गेटवर उभे राहून सकाळच्या पाळीचे पास बघत होते. फौजेतून निवृत्त झाल्यावर खेडजवळच्या या कारखान्यात त्यांनी सुरक्षारक्षकांवर देखरेख करायची नोकरी धरली होती. नंबर ओळखीचा नव्हता.

"सुभेदारसाहेब, मी रत्नागिरीहून वकील आर्या बेहेरे बोलतेय. लुहेंब्याच्या खटल्यात तुमची साक्ष लागली आहे."

लुहेंबा हे नाव रत्नागिरीच्या माणसाच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. देवरुख म्हणावं, लांजा म्हणावं, तितक्या सहज ती बोलली होती. चाळके गेटपासून बाजूला झाले.

"ते सगळं मी सांगितलंय हो, बाई," ते म्हणाले. "तेव्हा बटालियनच्या साहेबांना सांगितलं. मग चौकशीवाले आले, त्यांना सांगितलं. मागल्या वर्षी ती परदेशी बाई दुभाष्या घेऊन आली होती, खेडच्या लॉजवर बसून सगळं लिहून घेऊन गेली. आता परत?"

"ते जबाब होते. कोर्टासमोर सांगितल्याशिवाय त्यांना साक्ष म्हणत नाहीत."

"मग इतकी वर्षं जे सांगितलं ते कशाला?"

"मलाही तोच प्रश्न पडतो," ती म्हणाली. "पण तुम्हाला युरोपातल्या आंतरराष्ट्रीय कोर्टात जावं लागणार नाही. रत्नागिरीच्या कोर्टातून पडद्यावर बोलायचं. मी शेजारी बसेन. साक्षीदाराला एकटं वाटू नये म्हणून त्यांनी मला नेमलंय."

मुलगी थापा मारत नाही, एवढं चाळक्यांना पटलं. त्यांनी हो म्हटलं.

बारा-चौदा वर्षं झाली असतील. चाळके निळी टोपी घालून शांतिसेनेत गेले होते. आफ्रिकेच्या मध्यावरचा देश. त्याचं नाव वाडीत कुणाच्या जिभेवर बसलं नाही, सगळे नुसतं आफ्रिका म्हणत. परत आल्यावर त्यांनी तिथल्या केळींचं सांगितलं, हिवतापाचं सांगितलं, माती अगदी आपल्यासारखी तांबडी असते हे सांगितलं. गोदाला, म्हणजे बायकोला, एवढंच सांगितलं की तिकडे भांडणं फार. तिनंही खोदून विचारलं नाही. फौजीच्या बायकोला कुठं थांबायचं ते कळतं.

एप्रिल होता. महामार्गावर अर्धवट पुलांशेजारच्या कच्च्या वळणांवरून एसटी धूळ उडवत चालली होती. चिपळूणला गाडी बराच वेळ थांबली. चाळके खिडकीला डोकं टेकून बसले. पूर्वी जबाबाला जाताना ते मनातल्या मनात सगळं पाठ म्हणत: आधी ओढा, मग धूर, मग गाडी. या वेळी त्यांनी काही म्हटलं नाही. इतक्यांदा सांगून त्या दिवसाला गुळगुळीतपणा आला होता, आणि त्याचंच त्यांना भय वाटू लागलं होतं. आपण बघितलेलं सांगतोय की मागं सांगितलेलं सांगतोय, हे अलीकडे त्यांना नीट उमगत नसे.

रत्नागिरीत त्यांची लेक नम्रता नाचणे भागात राहायची. शाळेत शिक्षिका होती, नवरा बोटीवर. चाळके तिच्याकडेच उतरले. "कोर्टात कसली साक्ष?" असं तिनं विचारलं तेव्हा "फौजेतलं जुनं काम," एवढंच ते म्हणाले.

पहिल्या दिवशी साक्ष झालीच नाही. दुपारभर ते आणि आर्या कोर्टातल्या एका बंद खोलीत पडद्यासमोर बसून होते. पडद्यावर एक रिकामी खुर्ची आणि मागे लाकडी भिंत. तिकडे सकाळ होती. शेवटी एक माणूस आला, इंग्रजीत चार वाक्यं बोलला आणि गेला.

"आरोपीच्या वकिलांनी हरकत घेतली," आर्या म्हणाली. "तुमचं नाव यादीत उशिरा घातलं म्हणतात. उद्या निकाल देतील."

"निकाल?"

"त्या हरकतीवरचा. खटल्याचा नव्हे."

दुसऱ्या दिवशी हरकत फेटाळली गेली, पण आरोपीला बरं नव्हतं. पुन्हा रिकामी खुर्ची. आर्यानं बाहेरून दोन चहा आणले. तिशीतली मुलगी, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली काळं. ती सांगत होती की तिनं परदेशात हेच शिकून घेतलं, युद्धानंतरचा न्याय, आणि तिथंच तीन-चार वर्षं काम केलं. मग वडील आजारी पडले आणि ती परत आली. आता जमिनीचे दावे चालवते.

"तिथलं काम आवडत होतं?" चाळक्यांनी विचारलं.

"सुरुवातीला फार. नंतर कागदच वाढत गेले आणि माणसं दिसेनाशी झाली." तिनं कप खाली ठेवला. "तुमच्या या खटल्यात दोन साक्षीदार वाट बघता बघता वारले. एकानं नाव काढून घेतलं, त्याच्या घरी कुणीतरी धमकी देऊन गेलं म्हणून. लुहेंब्यापुरतं बोलायचं तर गावाबाहेरचा माणूस म्हणून तुम्हीच उरलात. तुमच्यासोबतचे बाकीचे जवान मागे होते, त्यांनी गाडी पाहिलीच नाही."

चाळक्यांनी मान हलवली. हे त्यांना ठाऊक होतं, पण कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर नम्रता ताटं उचलायची थांबली आणि म्हणाली, "बाबा, दोन दिवस तुम्ही जाता आणि हात हलवत परत येता. मला सांगणार आहात का काही?"

चाळक्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ते सगळं अशा माणसाला सांगितलं, जे समोर बसून लिहून घेत नव्हतं.

लुहेंबा त्यांच्या छावणीपासून चालत अर्ध्या दिवसावरचं गाव. रस्ता पावसानं वाहून गेला होता. रात्री गोळीबार ऐकू आला म्हणून पहाटे गस्तीची तुकडी निघाली. चाळके पुढे होते. ओढ्यापाशी आले तर पलीकडे धूर. आणि पलीकडच्या चढावर एक हिरवी पिकअप, मागे बंदूकवाले दाटीनं उभे, चढ चढून जात होती. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी एक माणूस. गळ्यात पांढरा रुमाल. ओढ्याला पाणी छातीपर्यंत होतं. गाडी झाडीत शिरली, दिसेनाशी झाली.

गावात पोहोचले तेव्हा शाळेत आणि शाळेच्या आवारात माणसं पडली होती. जिवंत होती ती केळीच्या बागेत लपली होती. त्यात एस्पेरांस नावाची एक बाई होती, काखेत पोर. चाळके तिला ओळखत होते. ती छावणीच्या गेटवर पपया विकायला यायची आणि जवानांना स्वाहिलीत आकडे शिकवायची. तिची आई शाळेत होती. वाचलेल्या माणसांना त्याच दिवशी छावणीत हलवलं. दुसऱ्या दिवशी चाळके आणि बाकीच्यांनी मागं राहून मेलेल्यांना पुरलं, कारण ते करायला गावात कुणी उरलं नव्हतं.

"छावणीत त्या बाईनं माझा हात धरला," चाळके म्हणाले. "म्हणाली, तू बाहेरचा आहेस, तुझं ऐकतील. आमचं कोण ऐकणार? मी म्हटलं, सांगीन."

नम्रतानं हातातलं ताट खाली ठेवलं. मग तिनं विचारलं, "गाडीतला माणूस हाच? ज्याच्यावर खटला आहे?"

"बितोरो. त्या भागात त्याच्या बंदूकवाल्यांचंच राज्य होतं. हिरवी गाडी त्याचीच. पांढरा रुमाल तोच बांधायचा, हे तिथं पोराटोरांना ठाऊक होतं."

"म्हणजे तोच."

"तोच असणार."

"बाबा, उद्या ते विचारतील, तुम्ही त्याला पाहिलंत का. काय सांगाल?"

"रुमाल बघितला, ते सांगीन."

"आणि चेहरा?"

चाळक्यांनी ताटाभोवतीची शितं बोटानं गोळा केली. "चेहरा नाय बघितला. तो पलीकडे तोंड करून होता."

"पण तुम्हाला माहितेय ना तोच होता ते?"

"माहितेय."

"मग तोच होता म्हणून सांगा की." तिचा आवाज चढला नव्हता, पण शाळेत ऐकत नसलेल्या मुलाशी बोलावं तसा झाला होता. "त्यानं इतकी माणसं मारली. तुम्ही एक शब्द बोललात तर तो आत जाईल. यात खोटं काय आहे? तोच तर होता."

"माहीत असणं आणि बघणं यात फरक हाय, नमे."

"तो फरक त्या बाईला सांगा."

चाळके उठले आणि त्यांनी ताटं मोरीत नेऊन ठेवली. अंथरुणावर पडल्यावर त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. ओढ्याच्या काठावर पुन्हा उभं राहून बघितलं. गाडी चढावर, रुमाल, मान. ती मान वळवायचा त्यांनी मनातून जोर केला, आणि एकदा ती वळलीही. जबाब घेणाऱ्या बाईनं दाखवलेल्या फोटोतला चेहरा त्या मानेवर अगदी चपखल बसला. तेव्हा ते दचकले. इतकं सोपं होतं ते. अजून दोन वर्षं गेली असती तर आपण तो चेहरा बघितलाच होता असं आपल्याला खरंच वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी नव्हती. तीन न्यायाधीश होते, मधली बाई वयस्क, पांढऱ्या केसांची. एका बाजूला फिर्यादी पक्ष, दुसऱ्या बाजूला बचाव. आणि काचेपलीकडे बितोरो. चाळक्यांनी त्याला धिप्पाड कल्पिलं होतं. पडद्यावर एक पोक आलेला माणूस स्वेटर घालून बसला होता, बँकेतून निवृत्त झालेल्या कारकुनासारखा, नाकावर चष्मा.

चाळके मराठीत बोलत होते. त्यांचं बोलणं कुणीतरी इंग्रजीत करत होतं, इंग्रजीचं कुणीतरी फ्रेंचमध्ये. प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं, ते पोहोचेपर्यंत. प्रश्नही तसाच लांबून यायचा. त्या थांबण्यानं जीव थकून जाई. ओढा सांगितला, थांबले. धूर सांगितला, थांबले. शाळा सांगताना ते मध्येच खोकले. न्यायाधीश बाई म्हणाल्या, पाणी घ्या. ते वाक्यही तीन भाषांतून फिरून त्यांच्यापर्यंत आलं तोवर आर्यानं ग्लास पुढे केला होता.

फिर्यादी पक्षाचा वकील तरुण होता. त्यानं रुमालाचं दोनदा विचारलं. रंग कुठला, कसा बांधलेला. मग म्हणाला, "तो रुमाल तुम्ही आणखी कुणाच्या गळ्यात पाहिला होता का?"

"माझ्या डोळ्यांनी नाही. लोक सांगायचे, बितोरो बांधतो म्हणून."

मग बचावाची वकील उठली. उंच, सभ्य बाई. तिनं आधी चाळक्यांचे आभार मानले. गावातल्या मेलेल्या माणसांविषयी तिनं एकही प्रश्न विचारला नाही. ती थेट गाडीच्या प्रश्नावरच आली.

"गाडी चढावर होती तेव्हा तुम्ही ओढ्याच्या अलीकडे होता?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला गाडीची मागची बाजू दिसत होती."

"मागची आणि थोडी डावी. रस्ता तिथं वळतो."

"पुढच्या सीटवरच्या माणसाचा चेहरा तुम्ही पाहिलात?"

प्रश्न मराठीत येऊन पोहोचला. खोलीत वरचा पंखा फिरत होता. शेजारी आर्या वहीत बघत होती, तिनं मान वर केली नाही, साक्ष चालू असताना करायचीही नव्हती. चाळक्यांनी पडद्यावर काचेपलीकडे बघितलं. बितोरो चष्मा काढून स्वेटरच्या टोकाला पुसत होता. त्याचं लक्षच नव्हतं. इतक्या वर्षांत त्यालाही हे सगळं सवयीचं झालं असावं. एक ‘हो’ म्हणायचा अवकाश होता. कुणी तपासू शकलं नसतं. लुहेंब्यातलं जे कुणी उरलं होतं ते सगळं त्या एका ‘हो’वर येऊन बसलं होतं, हे चाळक्यांना तीव्रतेनं जाणवलं. आणि रात्री वळलेली ती मानही आठवली.

"नाही," ते म्हणाले.

"तो माणूस कोण होता हे तुम्ही स्वतः सांगू शकता?"

"बघून सांगू शकत नाही."

"आभारी आहे. मला आणखी काही विचारायचं नाही."

ते ‘नाही’ इंग्रजीत गेलं, तिथून फ्रेंचमध्ये. सगळ्यात शेवटी ते बितोरोच्या कानावरच्या यंत्रात पोहोचलं असणार. त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच पडद्याकडे बघितलं. त्या बघण्यात आनंद नव्हता, रागही नव्हता. कोण बोललं ते बघावं तसं त्यानं बघितलं, एवढंच.

न्यायाधीश बाईंनी आभार मानले. पडदा काळा झाला.

आर्यानं वही मिटली. "आता बोलायला हरकत नाही," ती म्हणाली. "बरे आहात ना?"

"चूक केली का मी?"

"ते मी सांगू शकत नाही, काका." सुभेदारसाहेबचं काका झालं होतं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. "पण तुम्ही दुसरं काही म्हटलं असतंत तर मला झोप लागली नसती. आताही लागेलच असं नाही."

नम्रतानं त्या संध्याकाळी काही विचारलं नाही. वडिलांचा चेहरा बघून ती समजली. सकाळी स्टँडवर सोडायला आली तेव्हा तिनं डबा दिला आणि म्हणाली, "पोचलात की फोन करा." एसटी सुटेपर्यंत ती उभी होती, पण खिडकीशी आली नाही.

निकाल दसऱ्याच्या सुमाराला लागला. भातं कापणीला आली होती. सुट्टीच्या दिवशी चाळके शेतावर विळा घेऊन वाकले होते, गोदा पेंढ्या बांधत होती, तेव्हा आर्याचा फोन आला. ते बांधावर बसले.

"दुसऱ्या दोन गावांच्या बाबतीत तो दोषी ठरला," आर्या म्हणाली. "मोठी शिक्षा आहे. आता सुटून बाहेर येईल असं त्याचं वय नाही."

"आणि लुहेंबा?"

"लुहेंब्यात कत्तल झाली हे कोर्टानं मान्य केलंय. पण ती त्याच्या हुकमानं झाली, तो तिथं होता, हे सिद्ध झालं नाही."

चाळक्यांनी विळा बाजूला ठेवला.

"अजून एक आहे. तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगते. ज्या गावांतल्या गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली, त्या गावांनाच भरपाई मिळते. तिथं दवाखाना होईल, शाळा बांधतील, मेलेल्यांची नावं दगडावर कोरतील. लुहेंबा त्यात येत नाही."

"म्हणजे त्यांना काहीच नाही."

"या खटल्यातून नाही."

फोन ठेवल्यावर चाळके तसेच बसून राहिले. गोदा पेंढी टाकून जवळ आली. "काय झाला? कोण गेला काय?"

"नाय. ता जुना काम. आफ्रिकेतला."

"ता अजून चालूच हाय?"

"संपला आता," चाळके म्हणाले आणि उठले. पण दोन-चार मुठी कापल्यावर त्यांचा हात थांबला. ते पुन्हा बांधावर येऊन बसले आणि त्यांनी गोदाला सगळं सांगितलं, ओढ्यापासून निकालापर्यंत, उन्हात, विळा हातात घेऊन. गोदा शेजारी बसून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "त्या बाईला कळला असंल?"

"कळला असणार."

"मंग तिला काय वाटला, ता कोण विचारणार?"

हे चाळक्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. चार-आठ दिवस त्यांनी ते मनात घोळवलं आणि मग स्वतःच आर्याला फोन केला. साक्षीदारांना असं एकमेकांशी बोलता येतं का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. आर्या म्हणाली, खटला संपलाय, विचारून बघते. तिकडे पीडितांसाठी एक कचेरी होती. त्यांनी पुष्कळ वेळ लावला. दिवाळी गेली. मग उत्तर आलं की एस्पेरांस बोलायला तयार आहे. तिनंही पूर्वी एकदा तेच विचारलं होतं, पण तेव्हा खटला चालू असल्यानं परवानगी नव्हती.

गोदा म्हणाली, "मी पण येतंय." दोघंही रत्नागिरीला गेली. आर्याच्या कचेरीत टेबलावर लॅपटॉप ठेवला होता. पलीकडे एक पत्र्याची खोली, दुभाष्या तरुणी, आणि तिच्या शेजारी एस्पेरांस. ती जाड झाली होती, केस पिकले होते. चाळक्यांनी तिला ओळखलं ते हसण्यावरून. हसताना तिचा एक ओठ वर जायचा.

चाळक्यांना स्वाहिलीतले चार शब्द आठवत होते. कशी आहेस ते त्यांनी त्या भाषेत विचारलं. पुढचं दुभाष्या सांगत गेली, इंग्रजीतून, आणि आर्या मराठीतून.

"मला राग आला होता," एस्पेरांस म्हणाली. "माझ्या मुलाला अजून आहे. तो म्हणतो, निळ्या टोपीवाल्यानं गाडी बघितली आणि तरी नाही म्हणाला."

"चेहरा नव्हता दिसला मला."

"ते मला सांगितलं त्यांनी. मी पण नव्हता बघितला. मी केळीत जमिनीवर पालथी होते. मला पण त्या उंच वकीलबाईनं तेच विचारलं." तिनं खुर्ची पुढे ओढली. "राग आता दमलाय. मला शेत आहे, नातवंडं आहेत. मला तुला दुसरं विचारायचं होतं. हे त्यांच्यापैकी कुणीच विचारत नाही."

"विचार."

"माझी आई कुठं आहे? शाळेमागे तुम्ही सगळ्यांना पुरलंत, एवढं ठाऊक आहे. पण शाळेमागे म्हणजे सगळीकडेच. मी तिथं गेले की कुठं बसायचं ते कळत नाही."

चाळक्यांनी डोळे मिटले. या गोष्टीचा जबाब कुणी घेतला नव्हता, त्यामुळे ती अजून गुळगुळीत झाली नव्हती. ती खडबडीतच वर आली. "म्हातारी, पिवळं लुगडं, म्हणजे तुमचं ते गुंडाळतात तसलं कापड. डाव्या पायाला पट्टी."

एस्पेरांसनं तोंडावर हात ठेवला. "पायाला जखम होती तिच्या."

"तिला मी आणि आमचा साताऱ्याचा एक जवान, दोघांनी उचललं. टेकडीकडच्या बाजूला, ओळीच्या टोकाला. त्या टोकाला जमीन मऊ होती म्हणून तिथून सुरुवात केली. तिच्या शेजारी एक लहान मूल ठेवलं, ते कुणाचं होतं ठाऊक नाही. डोकं टेकडीकडे. अगदी टोकाला तीच, की तिच्यापलीकडे अजून कुणी, हे मात्र मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण टोक तेच."

भाषांतर होत गेलं. एस्पेरांस रडली नाही. तिनं टेबलावर बोटानं ओळ ओढून दुभाष्या मुलीला काहीतरी विचारलं, टेकडी कुठं, शाळा कुठं. मग मान डोलावली.

मग तिनं गोदाकडे बोट करून विचारलं, "ही तुझी बायको?"

"हो."

गोदानं हात जोडले. एस्पेरांसनंही जोडले, बघून. दोघी क्षणभर एकमेकींना बघत राहिल्या. सांगण्यासारखं काही नव्हतं आणि घाईही नव्हती. तिकडून दुभाष्या म्हणाली की वीज जायची वेळ झालीय.

उठताना एस्पेरांस चाळक्यांना उद्देशून काहीतरी म्हणाली. दुभाष्या अडखळली. "हे कसं सांगू? कामावरून दमून आलेल्या माणसाला आमच्याकडे असं म्हणतात. तुझ्या कष्टांबद्दल वाईट वाटतं, असं काहीसं."

परतीच्या एसटीत गोदा संगमेश्वरपर्यंत बाहेर बघत होती. मग म्हणाली, "तिच्या आईला तुमी उचललाव, ह्या माला कधी बोललाव नाय."

"नाय बोललो."

"अजून काय काय हाय असला?"

"हाय थोडा."

"सावकाश सांगा," गोदा म्हणाली आणि पदर डोक्यावरून ओढून खिडकीला टेकली. चिपळूणपर्यंत तिला झोप लागली होती.

पुढच्या फेब्रुवारीत काजूला मोहर होता. चाळके गेटवर होते. आर्याचा फोन आला.

"काका, बितोरोचा उजवा हात समजला जायचा तो माणूस तिथल्याच शेजारच्या देशात सापडलाय. वेगळा खटला उभा राहतोय, आणि त्यात लुहेंबा पुन्हा घेतलंय. तुमची साक्ष मागतायत. नाही म्हणालात तरी चालेल. मी तसं कळवीन त्यांना. खरं सांगायचं तर मलाही पुन्हा ते सगळं करायचं जिवावर आलंय."

समोरून ट्रक आत आला. चाळक्यांनी हातानं त्याला थांबवलं, चालकाचा कागद बघितला आणि जाऊ दिलं.

"गाडीतला माणूस कोण ते मी या वेळीही सांगू शकणार नाही," ते म्हणाले.

"ते त्यांना ठाऊक आहे. बाकीचं हवंय. शाळा, माणसं, पुरलंत ते."

"पुरलं ते विचारणार आहेत?"

"या वेळी मी त्यांना लिहिलंय की ते विचारा."

चाळक्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. ओढा, धूर, गाडी, प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं, रिकामी खुर्ची, हरकती. आणखी किती वर्षं, कुणाला ठाऊक.

"तारीख कळवा," ते म्हणाले. "येतो."